टाळ्यांनी संमत

योसू शहरातल्या एका खाजगी तांत्रिक शाळेत रसायन-प्रक्रिया हा विषय शिकवणाऱ्या गुक हे-रान बाईंची कोणी स्तुती केली, तर त्या स्तुती करणाऱ्याकडे न पाहता त्याच्या मागे कोण उभे आहे ते पाहत. सहकारी याला स्वभाव म्हणत. बाई त्याला अनुभव म्हणत, आणि या दोन शब्दांतला फरक समजावून सांगण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

रासायनिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या विद्यापीठातून बाहेर पडल्या, त्या काळी योसूचे कारखाने बायकांना टंकलेखनासाठी घेत. टॉवरवर चढण्यासाठी घेत नसत. मुलाखतीत त्यांना विषयातले काही न विचारता लग्न कधी करणार एवढेच विचारण्यात आले. तेव्हा त्या शाळेत आल्या. ज्या कारखान्यांनी त्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांनाच पुढे त्यांनी माणसे पुरवली. खाडीपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्याही नियंत्रण-कक्षात त्या गेल्या, तर एखादा पोट सुटलेला ऑपरेटर खुर्चीवरून ताडकन उठे आणि "बाई, तुम्ही!" म्हणून कमरेत वाके. हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव मान, ज्याच्याविषयी त्यांना संशय आला नव्हता.

मात्र त्या पोरांना काय शिकवावे हे बाई ठरवत नसत, शाळा ठरवत नसे, आणि नवल म्हणजे कारखानेही ठरवत नसत. ते एखाद्या समुद्रकाठच्या किंवा डोंगरातल्या हॉटेलात, तज्ज्ञांच्या कार्यशाळेत ठरे. दुपारी भाषणे, संध्याकाळी कच्चे मासे आणि सोजूची दारू, सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी ठराव, आणि मग बसमध्ये सगळ्यांची झोप. बाईंच्या उमेदीच्या वर्षांत अशा एका कार्यशाळेत ठरले की रसायनशास्त्राचे भविष्य अतिसूक्ष्म कणांत आहे. वर्षभरात पाठ्यपुस्तकातून पंपांचा धडा गेला. पुढे दुसऱ्या एका कार्यशाळेत भविष्य हिरवे झाले, तेव्हा विभागाच्या दारावरची पाटी उतरली आणि नवी चढली. त्यानंतर ते 'संमीलित' झाले. या शब्दाचा अर्थ मुख्याध्यापक मोक सरांनाही सांगता येत नव्हता, पण पाटीची अक्षरे त्यांनी सोनेरी करून घेतली. पाटीखालून आत गेले की तोच दोन मजली डिस्टिलेशन टॉवर, तीच गळकी झडप, आणि हातमोजे चढवून ती फिरवणारी तशीच घाबरट, उत्साही पोरे. देशाचे भविष्य इतक्या वेळा बदलूनही ती झडप बदलण्याचा ठराव मात्र कोणत्याही हॉटेलात झाला नव्हता.

म्हणून बांग जुन-शिकचा फोन आला, तेव्हा बाईंच्या मनात जी पाल चुकचुकली तिला कारण होते.

बांग हा त्यांच्या विद्यापीठातला कनिष्ठ. दोघे एकाच प्रयोगशाळेत होते. नायट्रोजनचा सिलिंडर वरच्या मजल्यावर नेण्याची पाळी बाईंची असली की हा काही न बोलता तो खांद्यावर घेई. आता तो राजधानीत प्राध्यापक होता, आणि रसायनविज्ञान भविष्य मंडळ नावाच्या एका वजनदार मंडळाचा निमंत्रकही.

"ताई, ओळखलंत का? तुमचा सिलिंडर-हमाल बोलतोय."

"ओळखलं. काय हवंय?"

"बघा! इतक्या वर्षांनी फोन केला, तर काय हवंय म्हणे! काही नको हो. उलट तुम्हालाच बोलवायचंय. आमची यंदाची कार्यशाळा तुमच्या योसूत आहे. संशोधन, शिक्षण, मनुष्यबळ, सगळ्यावर बोलायचंय. आणि प्रत्यक्ष पोरं घडवणारं माणूस आमच्यात एकही नाही."

"इतकी वर्षं नव्हतं. तेव्हा अडलं नाही."

"टोमणा पोचला, ताई. या तरी. तुमच्या तोंडून दोन शब्द ऐकू द्या त्या मोठ्या लोकांना."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ मोहरीच्या पानांची किमची चिरत बसल्या. त्यांचे यजमान पेट्रोरसायनाच्या कारखान्यात पाळीवर काम करत. ते आंघोळ करून आले आणि बायकोचा चेहरा पाहून त्यांनी स्वतःच भात वाढून घेतला.

"सोदामची आई, कोण मेलं?"

"कोणी नाही. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलंय."

"मग रडायचं कशाला? चांगलं हॉटेल असेल. मासे खा, ये परत."

"सोदामचे बाबा, मासे खायला योसूच्या बाईला राजधानीचा प्रोफेसर बोलावत नसतो. यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुला कोणी हसून नमस्कार केला तरी तू त्याचे दात मोजतेस," यजमान म्हणाले. "एखाद्याला खरंच तुझं ऐकायचं असेल."

ही शक्यता बाईंनी प्रामाणिकपणे विचारात घेतली आणि बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोक सरांनी त्यांना खोलीत बोलावून स्वतःच्या हाताने कॉफी दिली. मोक सर शिपायाला आपली छत्री धरायला लावणारे गृहस्थ होते; त्यांच्या हातची कॉफी पाहून बाईंचा संशय दुप्पट झाला.

"बाई, अभिमान वाटतो मला. मीही येतोय, शाळेचा प्रतिनिधी म्हणून."

"आपल्याला केव्हा कळलं, सर? मला काल संध्याकाळी कळलं."

"असं... असंच कानावर आलं होतं." सरांनी कॉफीत बराच वेळ चमचा फिरवला. "मोकळेपणानं बोला तिथे. आपल्या विभागाच्या अडचणी सांगा. जुनी यंत्रं, गळकी झडप, सगळं सांगा."

ज्या झडपेचे नाव काढले की मोक सर गेली कित्येक वर्षे खिडकीबाहेर पाहू लागत, तिचे नाव त्यांनी आपणहून घेतले. बाईंनी कॉफी तशीच ठेवली आणि त्या उठल्या.

त्यांना भय होते ते एकाच गोष्टीचे. योसूत पोरे कमी झाली होती. वर्गातली बाके एकेक करून तळघरात जात होती. शेजारच्या शाळेतला यंत्र विभाग गेल्या वर्षी बंद झाला आणि तिथले शिक्षक प्रशिक्षण घेऊन आता केक भाजायला शिकवत होते. त्यात अपमान काही नव्हता. केक चांगले होत असतील. परंतु रसायन विभाग गेला तर ज्या पोरांच्या बापांकडे शिकवणीची ऐपत नाही, होडी नाही, जमीन नाही, त्यांना शाळेतून सरळ कारखान्यात नेणारा एकच रस्ता बंद होणार होता. त्या रस्त्यावर बाईंनी आपले आयुष्य घातले होते. कार्यशाळेत विभागाविषयी एक अक्षर जरी निघाले तरी उठायचे आणि बोलायचे, एवढा निश्चय करून त्या गेल्या.

हॉटेल बंदराकडे तोंड करून होते. सभागृहात टेबलांवर हिरव्या बनाती, प्रत्येकापुढे नावाची पाटी, एक जीवनसत्त्वाचे पेय आणि कागदात गुंडाळलेला तांदळाचा केक. बाईंनी आधी आपली जागा पाहिली. त्यांच्या दर्जाच्या माणसाची जागा मागे, दाराजवळ असायला हवी होती. ती पुढे होती, बांगच्या अगदी समोर. त्यांच्या शेजारी मोक सर, आणि मधल्या मोठ्या खुर्चीत मंडळाचे मानद अध्यक्ष थाक सर. योसूचे पहिले कारखाने उभे राहिले तेव्हा थाक सर तरुण अभियंते होते. आता कानाला यंत्र लावून ते अर्धे ऐकत आणि उरलेले झोपत.

बांगने एकेकाचे नाव घेऊन ओळख करून दिली. नाव आले की माणूस उठे, चहूकडे वाके, लोक टाळ्या वाजवत, माणूस बसे. बाईंचे नाव आले, त्याही उठल्या, वाकल्या, बसल्या. मग सगळ्यांना मंचावर नेऊन फलकाखाली मुठी वळवून फोटो काढण्यात आला. कामाला सुरुवात होण्यापूर्वीच ते यशस्वी झाल्याचा पुरावा कशाला हवा, हे बाईंना समजेना. त्या मुद्दाम टोकाला, एका धिप्पाड प्राध्यापकाच्या खांद्याआड उभ्या राहिल्या.

"ताई, दिसत नाही तुम्ही!" बांग ओरडला.

"दिसायला कशाला हवं? ऐकायला बोलावलंस ना?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत मोक सर सर्वांत मोठ्याने हसले, हे बाईंनी टिपले.

भाषणे झाली. संशोधनाला किती केंद्रे हवीत यावर दोन विद्यापीठांचे प्राध्यापक एकमेकांची इतकी प्रशंसा करू लागले की त्यांच्यात वैर असावे हे कोणाच्याही ध्यानात यावे. मग बाईंची पाळी आली. त्या तयारी करून आल्या होत्या, पण जे बोलल्या ते तयारीतले नव्हते. हाताने झडप फिरवताना तिच्यातला दाब पोराच्या मनगटाला कळतो. पडद्यावर बोट ठेवून ते शिकता येत नाही, असे त्यांनी सांगितले. यंत्रे जुनी आहेत, झडप गळते, आणि जुन्या यंत्रावर शिकलेल्या पोराला नव्या कारखान्यात पहिले काही महिने लाज वाटते, हेही सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, "आम्हाला नवं नाव नकोय. नवा टॉवर हवाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी लिहून घेतले. बांग तर डोळे मिटून ऐकत होता, गाणे ऐकावे तसा. ज्या सभेत एकही माणूस वाद घालत नाही तिथे कोणी ऐकलेलेही नसते, असा बाईंचा पूर्वानुभव होता. खाली बसताना त्यांना आपण काहीतरी देऊन बसलो आहोत असे वाटले. काय, ते कळेना.

संध्याकाळच्या जेवणात बांग सोजूची बाटली दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"ताई, एक घोट. जुन्या प्रयोगशाळेसाठी."

"मला सातूचा चहा पुरे."

"अजून तशाच! आठवतं? मी तुमच्यासाठी सिलिंडर उचलायचो, तर तुम्ही खाली जाऊन बघायचात, मी त्यातला वायू सोडला तर नाही ना!"

"सोडला नव्हतास?"

"नाही हो!" बांग खरोखरच दुखावल्यासारखा दिसला. "ताई, तुमच्याकडून शिकलो मी. त्या प्रयोगशाळेत तुमच्याइतकं हुशार कोणी नव्हतं. कारखान्यांनी तुम्हाला घेतलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं. आता माझ्या हातात काहीतरी आहे, तर तुमच्यासाठी करू द्या ना."

"काय करणार आहेस?"

"उद्या कळेल." तो हसला. पलीकडून मोक सरांनी त्याला डोळ्यांनी काहीतरी खुणावले, की माशाचा काटा लागल्यामुळे त्यांचे डोळे तसे झाले? बाईंनी बराच वेळ त्यांच्या ताटाकडे पाहिले. काटे काढलेला मासा होता.

जेवणानंतर वाटल्या जाणाऱ्या भेटवस्तूंच्या पिशव्याही त्यांनी घेतल्या नाहीत. दारू नाकारली, भेट नाकारली, फोटोत तोंड लपवले. आता यांना माझ्याकडून घेण्यासारखे काही उरले नाही, अशा समाधानाने त्या घरी गेल्या आणि सकाळी परत आल्या.

सकाळचे सत्र ठरावांचे होते. लोक हिरव्या बनातीवर कोपरे टेकून बसले होते. बांगचा चेहरा मात्र धुतल्यासारखा ताजा होता. त्याने पहिला ठराव वाचला: संशोधनाची नवी केंद्रे अमुक ठिकाणी असावीत. "कोणाची हरकत नसावी. नसेल तर टाळ्यांनी संमत करू." टाळ्या झाल्या. ज्या प्राध्यापकाच्या विद्यापीठाला केंद्र मिळाले नाही त्यानेही वाजवल्या. इतरांचे हात हलत असताना आपले हात बनातीवर ठेवून बसणे त्याला जमले नाही. दुसरा ठराव अभ्यासक्रमाचा होता. त्यात बाईंना एक वाक्य ओळखीचे वाटले. 'जुन्या साधनांवर घडलेल्या विद्यार्थ्यांना उद्योगात न्यूनगंड येतो, असे क्षेत्रातून सांगण्यात आले.' हे आपण म्हणालो, पण असे म्हणालो नाही. आपण टॉवर मागितला होता, तो यात कुठे आहे? त्या विचारात असतानाच टाळ्या झाल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. माइककडे हात करावा म्हणून त्या सरसावल्या, तेवढ्यात बांग कागद खाली ठेवून मनापासून हसला.

"तिसरा ठराव मी ठराव म्हणून मांडतच नाही. आभार म्हणून मांडतो. काल ज्यांनी आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले, इतकी वर्षं या गावात पोरं घडवली आणि तरी कधी पुढे आल्या नाहीत, माझ्या विद्यापीठातल्या ताई, गुक हे-रान बाई! त्यांच्या शाळेत, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, रसायन-प्रक्रियेच्या जागी देशातला पहिला जैव-पदार्थ विभाग सुरू होतोय. गुकबाईंसाठी जोरात टाळ्या होऊ द्या!"

सभागृह कडाडले. सगळ्या माना वळल्या. मोक सर उभे राहून वाजवू लागले. आणि बाई उठल्या. नाव घेतले गेले, टाळ्या वाजल्या, तेव्हा उठायचे आणि वाकायचे, हे त्यांच्या हाडांना त्यांच्या बुद्धीच्या फार आधी माहीत होते. उजवीकडे वाकल्या. डावीकडे वाकल्या. थाक सरांकडे तोंड करून सर्वांत खाली वाकल्या, आणि बनातीच्या पातळीला डोके गेले असताना त्यांना 'च्या जागी' हे दोन शब्द ऐकू आले. ते केव्हाच उच्चारले गेले होते. आत पोचायला त्यांना तेवढा वेळ लागला.

डोळ्यांत तेल घालून त्या ज्या शब्दाची वाट पाहत होत्या, तो त्यांच्याच नावाच्या पाठीमागे लपून आला होता.

टाळ्या विरत होत्या. रीत अशी होती की आता बसायचे. बाई उभ्याच राहिल्या.

"मी हो म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

माइक नसल्याने ते पुढच्या दोन-तीन टेबलांनाच ऐकू गेले. बांगचे हसू हलले नाही. "ताई लाजतात," तो सभेला म्हणाला. "आमच्या प्रयोगशाळेतही अशाच होत्या."

हशा झाला. पुन्हा थोड्या टाळ्या. मोक सर त्यांची बाही ओढत पुटपुटले, "बसा, बाई. बसा हो. लोक बघताहेत."

"लोकांनी बघावं म्हणूनच उभी आहे, सर." त्यांनी हात लांब करून समोरच्या प्राध्यापकापुढचा माइक घेतला. त्या बिचाऱ्याने तो दोन्ही हातांनी दिला. "जैव-पदार्थ विभाग काढा. खुशाल काढा. पण आमच्या विभागाच्या जागी नाही. मी टॉवर मागितला होता. टॉवर पाडा असं म्हटलं नव्हतं."

अशा शांततेचा त्या सभागृहाला सराव नव्हता. कोणीतरी तांदळाच्या केकचा कागद उलगडत होते. तो आवाजही थांबला. थाक सरांनी कानातले यंत्र चाचपले.

"बाई काय म्हणतात?"

"सर, बाई विनयानं म्हणताहेत की..."

"विनयानं नाही. मला 'नाही' ऐकू आलं." म्हातारे गृहस्थ बाईंकडे वळले. त्यांच्या सुरात राग नव्हता, त्रास होता. "नाही म्हणायचं होतं, मग आत्ता माझ्यापुढे वाकलात ते काय?"

"नाव घेतलं की वाकायचं, हे वळण आईनं लावलंय, सर. माझ्या श्राद्धाच्या दिवशी कोणी माझं नाव घेतलं, तरी मी उठून वाकेन. ते वळण आहे. संमती नाही."

मागच्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसले आणि खोकल्याने ते झाकले. थाक सरांनी घड्याळ पाहिले.

"हरकत आहे म्हटल्यावर टाळ्या मोजता येणार नाहीत. योसूचं नाव गाळा. कोणती शाळा, ते मंडळ मागाहून ठरवेल. पुढे चला, मला गाडी गाठायचीय."

थाक सरांनी न्याय केला की गाडी गाठली, हे बाईंना अखेरपर्यंत समजले नाही. पुढे अनेक दिवस त्या प्रश्नाने त्यांना जेवू दिले नाही, कारण इतक्या सहजपणे सुटलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

बांगने त्यांना बाहेर, बंदराकडच्या काचेपाशी गाठले. ताजेपणा उतरला होता. गालावरच्या सुरकुत्या दिसत होत्या.

"सगळ्यांसमोर कापलंत मला, ताई."

"तू सगळ्यांसमोर विकलंस मला."

"विकलं? चार-पाच वर्षांत तुमच्या विभागात बसायला पोरं नसतील. त्याआधी काहीतरी नवं दिलं असतं मी. त्याच्या प्रमुख तुम्ही झाला असतात. नवी प्रयोगशाळा, नवी इमारत. तुमच्या मुख्याध्यापकांना विचारा, ते महिनाभर माझ्या मागे लागले होते."

"त्यांना विचारलंस. मला का नाही विचारलंस?"

बांगने कोटाचे बटण लावले. मग, कदाचित त्या दोन दिवसांतले पहिले खरे वाक्य, तो बोलला. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे तुमच्यात हो म्हणणाऱ्यालाच विचारायची पद्धत आहे."

त्याने मान खाली घातली, आणि ताईंना निरोप देताना वाकावे तेवढा तो वाकला. बाईही वाकल्या. त्याने खरोखर आपले भले योजले होते काय? सिलिंडर उचलणारा पोरगा त्या कोटाच्या आत कुठे शिल्लक होता काय? असेलही. पण भले करणाऱ्यालाही आधी दार वाजवायला काय होते, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता.

मोक सर त्यानंतर बाईंशी कामापुरते बोलू लागले, आणि मग तेवढेही नाही. विभाग राहिला. नवा टॉवर अर्थातच आला नाही. जे काही येणार होते ते नव्या विभागासाठी येणार होते. शिक्षकांच्या खोलीत बाईंच्या चहाच्या वेळी कोणाला ना कोणाला वर्गाची आठवण होई. यजमानांनी कारखान्यातून जुनी पण न गळणारी झडप रीतसर परवानगी काढून आणून दिली आणि म्हणाले, "घे. तुझ्या कार्यशाळेचा एवढाच ठराव अंमलात आला." बाई हसल्या, बऱ्याच दिवसांनी.

मग एका दुपारी व्हरांड्यातून जाता जाता मोक सर थांबले.

"गुन्सानला गेलं सगळं," ते बाईंकडे न पाहता म्हणाले. "तिथल्या तांत्रिक शाळेला दिलं मंडळानं. तिथली माणसं शहाणी दिसतात."

"तिथल्या रसायन विभागाचं काय होणार?"

"तेच, जे इथे व्हायचं होतं."

"तिथल्या शिक्षकांना माहीत आहे?"

मोक सरांनी खांदे उडवले. "पुढच्या महिन्यात तिथे कार्यशाळा आहे. कळेलच."

बाई वर्गात गेल्या. पोरे टॉवरभोवती जमली होती. एक मुलगी वरच्या मजल्यावरून तापमान ओरडून सांगत होती आणि खाली कोणीतरी ते चुकीचे ऐकत होते. बाईंनी तास पूर्ण घेतला. त्यानंतर त्यांनी गुन्सानच्या शाळेचा नंबर मिळवून रसायन-प्रक्रियेच्या शिक्षकाला फोनवर मागितले. बऱ्याच वेळाने एका पुरुषाचा कोरडा आवाज आला.

"ग्वांग-सू बोलतोय."

"मी योसूहून गुक हे-रान. तुमच्यासारखीच रसायन-प्रक्रिया शिकवते. तुम्हाला एका कार्यशाळेचं बोलावणं आलंय का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आलंय म्हणजे. पुढच्या जागेवर बसवतील तुम्हाला. तिथे तुमची स्तुती होईल. टाळ्या वाजतील तेव्हा उठू नका. निदान काय बोललं जातंय ते पुरतं ऐकल्याशिवाय उठू नका. तुमचा विभाग बंद करताहेत."

"बाई, मी तुम्हाला ओळखत नाही." आवाज आणखी कोरडा झाला. "माझ्या बोलावण्याचं तुम्हाला कुठून कळलं? आमच्या मुख्याध्यापकांनी फोन करायला लावलाय का? मी काय म्हणतो ते बघायला?"

बाईंनी डोळे मिटले. हा माणूस त्यांना आवडला.

"कोणी लावलेलं नाही."

"मग यात तुमचा काय फायदा?"

त्याच्या जागी बाई असत्या तर नेमके हेच विचारले असते, आणि उत्तर पटेपर्यंत फोन धरून ठेवला असता. खोटे बोललो तर हा माणूस फोन ठेवणार, हे त्यांना स्वच्छ कळत होते. आणि खरे सांगितले, तरी ठेवील कदाचित.

"फायदा माझा झाला आधीच," त्या म्हणाल्या. "ते आमच्याकडे आले होते. मी नाही म्हटलं, म्हणून तुमच्याकडे आलेत."

फोन ठेवला गेला नाही. मागे कुठेतरी गुन्सानची पोरे गलका करत होती, आणि त्या माणसाने कोणालातरी दार लावून घ्यायला सांगितले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पहिल्यापासून सांगा," ग्वांग-सू म्हणाला. "आणि सावकाश. मी मधेमधे अडवणार आहे."